डोमाजीबाचा बर्मा

विहारातली रविवारची वंदना आटोपली की चहा येईपर्यंत कमिटीची सभा भरते, आणि त्या सभेत गुलाबराव मेश्रामांनी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढलेल्या माणसाला शेवटच्या डब्यात गप्प बसून जायची सवयच असते. त्या रविवारी मात्र त्यांची जीभ घसरली, आणि त्याला कारण झाला पांडुरंग.

सेक्रेटरी गौतमने बातमी आणली होती. दोन परदेशी भिक्खू सिरपूरची जुनी विहारं पाहायला चालले होते आणि वाटेत त्यांचं भोजनदान रायपूरच्या याच विहारात होणार होतं. एक बर्माचे भन्ते, दुसरे मंगोलियाचे लामा. छत्तीसगढ राज्य होऊन नुकते कुठे काही महिने झाले होते, आणि गौतमचं ऑफिस शंकर नगरात गेल्यापासून त्याला जिथे तिथे राजधानी दिसे. राजधानीत चहा असा गार चालत नाही, राजधानीत चपला अशा पसरत नाहीत. आता राजधानीत पाहुण्यांचं स्वागत त्यांच्याच भाषेत झालं पाहिजे, असं त्याचं म्हणणं पडलं. बर्मी कोणाला येते, असं त्याने विचारलं.

पांडुरंग कमिटीचा खजिनदार. त्याचे वडील आणि गुलाबरावांचे वडील डोमाजी एकाच गँगमध्ये रूळ ठोकत. तो मोठ्याने हसला. "डोमाजीबा असते तर त्यायले आली असती. झारसुगुड्याच्या पुढं गेला नाही बुढा, पण बर्मा पाहून आला."

सगळे हसले. हा विनोद पांडुरंगाला वडिलोपार्जित मिळाला होता, आणि एरवी गुलाबरावही त्यावर कसंबसं हसत. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, ते उठून म्हणाले, "मले येते बर्मी."

गौतमने तिथल्या तिथे त्यांचं नाव लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, मंगोलियनही तुम्हीच पाहून घ्याल ना? गुलाबराव चाचरले. पण गौतमचा तर्क अस्सल रायपुरी होता.

"काकाजी, तुम्ही घरी मराठी बोलता, ड्यूटीवर हिंदी, भाजीवालीसंग छत्तीसगढी. एकाच तोंडानं ना? मंग बर्मी आली तर मंगोलियन कितीक दूर? दोन स्टेशनं पुढं."

ज्या गावात माणूस एका वाक्यात तीन भाषा वापरतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, तिथे हा तर्क सहज खपून जातो. गुलाबराव "हव" म्हणून बसले.

आता खरी गोष्ट अशी, की त्यांना बर्मी येत होती ती एकच ओळ. "थमिन सा पीबी ला?" म्हणजे, जेवलात का? डोमाजी तरुणपणी रेल्वेच्या मजुरांबरोबर बर्मात गेले होते, आणि लढाई पेटल्यावर जंगलातून पायी परतले, असं ते सांगत. वाटेत एका गावात कुणा बाईने त्यांना पोटच्या पोरासारखं जेवू घातलं, असंही सांगत. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की क्वार्टरच्या दारात हातोडा टेकवून ते पोरांना विचारत, थमिन सा पीबी ला? पोरांनी एका सुरात ओरडायचं, सा पीबी! जेवलो! हे ऐकल्याशिवाय म्हातारा ताटावर बसत नसे. धमतरीची छोटी गाडी तेव्हा शिट्टी घालत गावाच्या मधून जायची, चुलीवर भात रटरटत असायचा, आणि छोट्या गुलाबला वाटायचं की बर्मा हे धमतरीच्या पुढचंच स्टेशन असणार. 

पण मोठेपणी मनात शंका शिरली होती. बाप पक्का गप्पिष्ट. बर्माचा फोटो नाही, बिल्ला नाही, काही नाही. ते शब्द खरोखर बर्मी होते, की पोरांना खेळवायला म्हाताऱ्याने रचलेले? विचारायला कधी बर्मी माणूस भेटला नाही, आणि खरं सांगायचं तर तो भेटू नये असंच गुलाबरावांना वाटत आलं होतं. आता तो येणार होता, आणि त्याच्यासमोर माईक हातात घेऊन बोलायचं होतं. शब्द खोटे निघाले तर गुलाबरावांचं हसं होईल ते होईल, पण बाप कायमचा खोटा ठरणार होता.

"ताप आला म्हना," बायको मायाबाई म्हणाली, आणि तापाचं नक्की ठरलं. पण दुसऱ्याच दिवशी तात्यापाऱ्याच्या चौकात गौतमने कापडी फलक टांगला; स्वागताच्या दोन शब्दांचं त्याने परस्पर भाषण करून टाकलं होतं. 'बर्मी व मंगोलियन भाषांची तुलना. वक्ते : भाषातज्ज्ञ मा. गुलाबरावजी मेश्राम.' रंगाऱ्याला सध्या नव्या राज्याच्या पाट्या लिहून लिहून मोठ्या अक्षरांचा नाद लागला होता, त्यामुळे फलक पलीकडच्या गल्लीतूनही वाचता येई. भाजीवालीने गुलाबरावांना "गुरुजी" म्हणून कोथिंबीर फुकट दिली. ताप यायची सोय उरली नाही.

मग नात रुचिता मदतीला धावली. तिला मराठी सगळी समजे, पण उत्तर मात्र हिंदीतच येई. कॉलेजच्या लायब्ररीत एक दुपार घालवून तिने निकाल आणला. "आबाजी, दोनों में कुछ भी नहीं मिलता."

बर्मीत म्हणे शब्द तोच, पण सूर बदलला की अर्थ बदलतो. मंगोलियनला सुराशी देणंघेणं नाही, तिथे शब्दाला शेपटामागून शेपूट लागत जातं. बर्मी अक्षरं बुंदीसारखी गोल, तर मंगोलियनची जुनी लिपी चवळीच्या शेंगांसारखी वरून खाली लोंबते. दोघींचं घराणंच वेगळं. क्रियापद तेवढं दोन्हीकडे आपल्यासारखं शेवटी येतं. गुलाबरावांनी हे इतकं घोकलं, की मायाबाईने वरण वाढू का विचारलं तर ते म्हणाले, "बर्मीले सूर, मंगोलियनले शेपूट." मायाबाईने वरण वाढलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप खरंच आला की काय म्हणून.

भोजनदानाचा दिवस उजाडला. भिक्खूंचं जेवण दुपारी बाराच्या आत व्हायला लागतं, हे विहारात लहान लेकरालाही ठाऊक असतं. बारा टळले की बर्माचे भन्ते दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्नाला शिवणार नव्हते. म्हणून कार्यक्रम सकाळीच ठेवला होता. पण राजधानीला शोभावं म्हणून गौतमने आपल्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना बोलावलं होतं, आणि वेळेवर आला तर तो मोठा साहेब कसला. ते अकरा वाजून गेल्यावर आले. मग हार झाले, शाल झाली, आणि साहेबांनी नव्या राज्यातल्या पर्यटनाला हात घातला. मागच्या खोलीत बायका भाताची पातेली झाकून बसल्या होत्या. लोक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, मग साहेबांकडे, मग आपापल्या पायांकडे. साहेबांना थांबवायची हिंमत कुणात नव्हती, गौतममध्ये तर मुळीच नव्हती.

साहेब खाली बसले तेव्हा बाराला जेमतेम दहा मिनिटं उरली होती. आता तरी गौतम जेवायला उठवेल असं सगळ्यांना वाटलं. पण छापील कार्यक्रमपत्रिका हाती असली की माणसाची अक्कल गहाण पडते. त्याने पुकारा केला, "यानंतर तुलनात्मक भाषण."

गुलाबराव माईकपुढे उभे राहिले. सूर गेला, शेपूट गेलं, बुंदी आणि शेंगाही गेल्या. समोर बर्माचे म्हातारे भन्ते डोळे मिटून बसले होते, सुकलेले, रात्रभरच्या प्रवासाने आंबलेले. शेजारी गोल चेहऱ्याचे धिप्पाड लामा. पहिल्या रांगेत पांडुरंग हसू दाबून बसला होता. भन्त्यांकडे पाहता पाहता गुलाबरावांना एकदम वाटलं, हा माणूस लांबच्या ड्यूटीवरून उपाशी आला आहे. आणि बापाच्याच सुरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "थमिन सा पीबी ला?"

भन्त्यांनी डोळे उघडले. त्यांनी गुलाबरावांकडे बराच वेळ पाहिलं.  मग भन्ते आपल्या भाषेत काहीतरी दोन शब्द बोलले, लहान मुलासारखी नकाराची मान हलवली आणि पोटावर हात ठेवला.

मागच्या खोलीच्या दारातून पाहणाऱ्या मायाबाईचा आवाज आला. "वो बायहो, उपाशी आहेत ते. उचला पातेली."

मग कुणी कुणाचं ऐकलं नाही. साहेबांची खुर्ची साहेबांसकट बाजूला सरकली, पानं मांडली गेली, आणि भन्त्यांच्या पानात वाफाळता भात पडला, तो त्यांनी बाराच्या आत मन लावून संपवला. शेवटी ते लामांकडे वळून म्हणाले, "दही अच्छा है. लेंगे?"

"दीजिए," लामा म्हणाले.

अख्खी पंगत दोघांकडे वळून पाहू लागली. मग उलगडा झाला. भन्ते कित्येक वर्षं बोधगयेला राहिलेले, लामा सारनाथला शिकलेले. एकाची भाषा दुसऱ्याला ओ की ठो कळत नव्हती, म्हणून कलकत्त्यापासून दोघे हिंदीतच गप्पा मारत, हिंदीतच भांडत आले होते. आधी कळवलं काहून नाही, असं गौतमने रडवेल्या तोंडाने विचारलं.

"किसी ने पूछा ही नहीं," लामा म्हणाले, आणि आणखी दही घेतलं.

भन्त्यांनी गुलाबरावांना जवळ बोलावून घेतलं आणि हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. गुलाबरावांनी हात जोडून डोमाजींचं सगळं सांगितलं. भन्ते ऐकत राहिले. मग म्हणाले, की त्यांच्याकडे भिक्खूला असं कुणी विचारत नाही, भिक्खूच्या जेवणाला मानाचे वेगळे शब्द असतात.

"यह घर की बोली है. माँ बच्चे से ऐसे पूछती है. मैंने छोटी उमर में चीवर पहना. उसके बाद आज पहली बार किसी ने मुझसे ऐसे पूछा." मग ते पुढे म्हणाले, "आपके पिताजी ने यह रेल की पटरी पर नहीं सीखा. उनको वहाँ किसी ने अपने घर में बिठाकर खिलाया है."

गुलाबरावांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. बाप खरा होता. बर्मा खरा, जंगल खरं, ती जेवू घालणारी बाईही खरी. हे सांगायला बाप आज हवा होता, एवढंच त्यांना राहून राहून वाटत होतं.

पाहुणे सिरपूरकडे निघून गेले. गर्दी पांगली. रुचिता बायकांमध्ये बसून सगळ्यांना हिंदीत बर्मी शिकवत होती. गुलाबराव विहाराच्या पायरीवर एकटेच बसले होते, तेव्हा पांडुरंग भाताचं ताट घेऊन आला.  त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि गाडी लेट असल्याची घोषणा करावी तशा आवाजात म्हणाला, "थमिन सा पीबी ला?"

"नाही रे," गुलाबराव म्हणाले, "सकाळपासून काहीच नाही."

"मंग धर." पांडुरंग शेजारी टेकला. गुलाबरावांनी पहिला घास उचलला तसा तो हळूच म्हणाला, "गौतमनं भाषणाले तुहं नाव आणखी टाकलं बरं. पुढच्या महिन्यात जपानचे भन्ते येऊन राहिले."

घास हातातच राहिला. "पहिले विचार त्याले," गुलाबराव म्हणाले, "त्या भन्त्यायले हिंदी येते का."

"विचारतो." पांडुरंगाने ताट त्यांच्याकडे आणखी थोडं सरकवलं. "गुलाब, डोमाजीबा जपानले बी गेलते का रे?"

गुलाबरावांनी चमकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पांडुरंग हसत नव्हता.