गुरुवारच्या पाण्याची सुबोध सूचना

पाणीपुरवठा कार्यालयातून दर आठवड्याला एक सूचना निघे, आणि तिचा मसुदा करण्याची गंभीर जबाबदारी मसुदेकाकांवर होती. खरं नाव वेगळं होतं. पण हे नाव त्यांना असं चिकटलं होतं की पगाराच्या दिवशी कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते मागे वळून कोण आलंय ते बघत.

काम वरवर साधं. इंजिनिअरसाहेब एक चिठ्ठी पाठवत: "गुरुवारी पाणी बंद." आता एवढं उघडंवाघडं वाक्य एखादं प्रतिष्ठित कार्यालय चारचौघांत पाठवील का? मसुदेकाका त्याला कपडे चढवायला घेत. दुपारच्या चहापर्यंत चिठ्ठीचं होई असं: "सर्व संबंधित जलग्राहकांस याद्वारे सूचित करण्यात येते की, अपरिहार्य तांत्रिक बाबींच्या अनुषंगाने गुरुवार या दिवशीची जलवितरण प्रक्रिया स्थगित राहील, याची यथोचित नोंद घेण्यात यावी." मग काका चष्मा काढत, कागद तळहातावर तोलून बघत, आणि "आता वजन आलं" म्हणत कप तोंडाला लावत.

ही सूचना चौकाचौकांत लागे आणि शहर तिच्याकडे आदराने दुर्लक्ष करी. गुरुवारी सकाळी लोक नळ सोडत, नळ नुसती हवा सोडी, आणि मग घरोघर उलगडा होई, "म्हणजे फलकावर हे लिहिलं होतं तर." तक्रार कुणी करत नसे. तक्रार करायला आपल्याला काय कळवलं होतं ते आधी कळावं लागतं. तक्रारींच्या टेबलावरच्या टेलिफोनवर फडकं वाळत घातलेलं असे, आणि 'समाधानी ग्राहक' म्हणून मुख्यालयाने दिलेली ढाल काकांच्या कपाटावर दिमाखात उभी होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कार्यालयप्रमुख म्हणून नव्या मॅडम बदलून आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सूचना वाचली. परत वाचली. मग काकांना बोलावून विचारलं, "काका, गुरुवारी पाणी येणार की नाही येणार?"

"ते सूचनेत स्पष्ट केलेलं आहे, मॅडम," काका म्हणाले.

मॅडमनी तिथल्या तिथे सुबोध लेखन मोहीम जाहीर केली. मोहिमेचं परिपत्रक रिवाजाप्रमाणे काकांनीच लिहिलं. त्याचा विषय होता 'सुबोधीकरण प्रक्रियेचे सुलभीकरण करणेबाबतच्या कार्यपद्धतीचे निर्धारण', आणि ते ज्यांना मिळालं त्या सगळ्यांनी सही करून कपाटात ठेवलं. मॅडम मात्र हट्टाला पेटल्या होत्या. "पुढची सूचना मला एका दमात कळली पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तरी हरकत नाही, काका. तळघरात बिघडलेल्या मीटरांचं गोदाम आहे ना, तिथे माणूस हवाच आहे."

गोदामाला खिडकी नव्हती, पंखा नव्हता, आणि लिखाण म्हणाल तर मीटरवर खडूने फुली मारायची, बस. काकांची निवृत्ती अजून लांब होती. खिडकीजवळचं आपलं टेबल, सकाळचं ऊन, कपाटावरची ढाल, हे सगळं सोडून तिथे बसायचं या कल्पनेनेच त्यांना रडू यायला लागलं.

त्या संध्याकाळी ते घरी कागद घेऊन बसले. सोपं लिहायचं ठरवून सुरुवात करत, पण हात कुठला ऐकतोय? 'गुरुवार' म्हटलं की मागोमाग 'या दिवशीची' आपोआप येई. काकू आतून भाजी निवडता निवडता बघत होत्या.

"मघापासून नुसते कागद फाडताय. लोकांना सांगायचंय तरी काय?"

"जलवितरण प्रक्रिया..."

"अहो, मला सांगा. मी तुमची बायको आहे, संबंधित जलग्राहक नाही."

काका जरा थांबून म्हणाले, "गुरुवारी पाणी येणार नाही."

"मग बुधवारी भरून ठेवा म्हणावं. झालं."

"झालं? एवढ्यात? आणि यथोचित कुठे घालू?"

"यथोचित घातलं म्हणून बादली जास्त भरते का?"

काकांनी ती दोन वाक्यं उतरवून काढली. सदरा न घालताच रस्त्यावर आल्यासारखं त्यांना वाटत होतं. पण मॅडमना सूचना एका दमात कळली, उरलेल्या दमात त्यांनी काकांचं कौतुकही केलं, आणि काकांचं टेबल वाचलं.

बुधवारी अख्ख्या शहराने पाणी भरलं. बादल्या, पातेली, पिंप, कुणी कुणी तर मुलांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरल्या. दुपारी टाकीने तळ गाठला आणि बुधवारचं संध्याकाळचं पाणी गेलं. तरी ते निभावलं असतं. खरी आफत निराळीच होती. एकदा माणसाला काही कळलं की त्याला पुढचंही कळून घ्यावंसं वाटतं, हा धोका मोहिमेत कुणी लक्षातच घेतला नव्हता.

गुरुवारी सकाळी कार्यालयात घंटी वाजायला लागली. आवाज कुठून येतोय हे शोधण्यात बराच वेळ गेला. शेवटी कारकुनाने फडकं उचललं, तर खाली टेलिफोन.

"गुरुवारी पाणी का नाही हो?" एका बाईंनी विचारलं.

"तांत्रिक बाब आहे," कारकून म्हणाला.

"कोणती?"

असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. कारकुनाने टेलिफोन हळूच खाली ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. दुपारपर्यंत बाहेर रांग लागली, आणि रांगेतला प्रत्येक माणूस तेच विचारत होता. मग मॅडमनी इंजिनिअरसाहेबांना बोलावलं.

"गुरुवारी काम काय असतं आपलं?"

"काम?" साहेब जरा बुचकळ्यात पडले. "काम असं नाही. गुरुवारी चावीवाला मुख्य जलवाहिनीची चावी बंद करतो. मग पाणी येत नाही. म्हणून मी चिठ्ठी पाठवतो."

चावीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "सूचना निघते म्हणून बंद करतो."

"तुला सूचना समजते?"

"छे हो. मी आपला आधी वार शोधतो, मग 'स्थगित' शोधतो. मधलं सगळं काकांचं. या खेपेला 'स्थगित' नव्हतं, मोठी पंचाईत झाली. पण 'येणार नाही' दिसलं, म्हटलं तेच असेल."

सगळे काकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, "मी इंजिनिअरसाहेबांच्या चिठ्ठीबरहुकूम लिहितो."

मॅडमनी तिघांना समोरासमोर उभं केलं. मग हळूहळू लक्षात आलं की कधी काळी, या सगळ्यांच्या आधी, कुठलासा पाइप फुटला असणार. तो दुरुस्त झाला, दुरुस्त करणारा निवृत्तही झाला, पण सूचना चालू राहिली. चिठ्ठीमुळे सूचना, सूचनेमुळे चावी, चावीमुळे चिठ्ठी. सगळे आपापलं काम चोख करत होते, त्यामुळे कुणाला दोष देता येईना.

"म्हणजे शहर दर गुरुवारी कोरडं, आणि कारण काहीच नाही?" मॅडमनी विचारलं.

"कारण आहे ना," काका दुखावल्या स्वरात म्हणाले. "अपरिहार्य तांत्रिक बाब."

"कोणती?"

काकांनी इंजिनिअरसाहेबांकडे बघितलं, साहेबांनी चावीवाल्याकडे.

मॅडमनी चावी उघडायचा हुकूम दिला. नवी सूचना काकांनी या वेळी काकूंना न विचारता स्वतः लिहिली: "यापुढे गुरुवारीही पाणी येईल. आजवर विनाकारण बंद होते. माफ करा." लिहून झाल्यावर ते कागदाकडे बघत राहिले. वजन म्हणून काही नव्हतं त्यात. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आपण लिहिलेलं आपल्यालाच कळतंय, याचा त्यांना मनातून आनंद झाला.

तो आनंद दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. सकाळी एक निवृत्त मुख्याध्यापक शिष्टमंडळ घेऊन हजर झाले. त्यांनी फलकावरून काढून आणलेली सूचना मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"हा कार्यालयाचा कागद आहे की शेजारणीचा निरोप?"

"का, समजला नाही का?" मॅडमनी विचारलं.

"समजला. पहिल्या फटक्यात समजला, म्हणून तर आलो. इतकं सरळ कुणी उगाच लिहीत नाही. यात काहीतरी काळंबेरं आहे."

"माफ करा म्हणे," मागून औषधदुकानदार बोलला. "आज माफी मागताय, उद्या दर वाढवाल."

"पूर्वी एक अक्षर कळायचं नाही," मुख्याध्यापक म्हणाले, "पण विश्वास होता. आता कळतंय आणि झोप उडालीय."

शिष्टमंडळाने व्हरांड्यात बैठक मारली. मुख्यालयातून विचारणा झाली की तक्रारी शून्यावरून इतक्या वर कशा गेल्या, आणि ढाल परत मागवायची का. ढालीपाठोपाठ आपलीही पाठवणी होईल हे मॅडमना उमगायला वेळ लागला नाही. त्यांनी सुबोध लेखन मोहीम पूर्णतः यशस्वी झाल्याचं जाहीर करून ती बंद केली आणि काकांना बोलावलं.

"काका, पाणी गुरुवारी येणारच आहे. फक्त तुमच्या पद्धतीने लिहा. अर्धं पान तरी भरलं पाहिजे. आणि ही मंडळी तेवढी उठवा, नाहीतर आपण दोघं मिळून मीटर मोजू."

काका बाह्या सरसावून बसले आणि दोन ओळींत अडकले. आयुष्यभर त्यांनी पाणी बंद करण्याचीच वाक्यं घडवली होती. चांगली बातमी द्यायची वेळ कधी आलीच नव्हती. 'पूर्ववत कार्यान्वित' म्हटल्यावर पुढे बोलायला काही उरेना. व्हरांड्यातून खोकल्याचे आवाज येत होते. शेवटी त्यांनी खणातलं एक जुनं, मुरलेलं वाक्य काढलं, किरकोळ बदल करून खाली जोडलं, शेपटाला आणखी थोडं लावलं, आणि कागद तळहातावर तोलून पाहिला. सूचना अशी झाली होती:

"सर्व संबंधित जलग्राहकांस याद्वारे सूचित करण्यात येते की, पूर्वप्रसृत सूचनांच्या अनुषंगाने व त्यांस बाधा न येता, गुरुवार या दिवशीची जलवितरण प्रक्रिया सक्षम प्राधिकाऱ्यांच्या मान्यतेच्या अधीन राहून पूर्ववत कार्यान्वित करण्यात येत असून, तदनंतरच्या, अर्थात शुक्रवार या दिवशीची सदर प्रक्रिया अपरिहार्य तांत्रिक बाबी विचारात घेता पुढील आदेशापर्यंत स्थगित राहील; तसेच प्रस्तुत सूचना अर्ध्यावर सोडणाऱ्यांची उपरोक्त सर्व बाबींस संमती असल्याचे गृहीत धरण्यात येईल, याची यथोचित नोंद घेण्यात यावी."

मुख्याध्यापकांनी कागद हातात घेतला. 'सक्षम प्राधिकाऱ्यां'पाशी त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि तिथेच घडी घातली. "याला म्हणतात सूचना," ते म्हणाले. औषधदुकानदाराने लांबूनच नुसती लांबी बघितली, आणि त्याचाही जीव भांड्यात पडला. मंडळी घरी गेली. मॅडमनी काकांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

गुरुवारी पाणी धो धो आलं. शुक्रवारी सकाळी काकू चहाचं आधण ठेवायला गेल्या आणि तशाच बाहेर आल्या.

"अहो, नळ कोरडा आहे."

काका पायात चपला सरकवून थेट चावीवाल्याकडे गेले. तो चावीच्या खड्ड्याशेजारी निवांत बसला होता.

"शुक्रवार दिसला, त्याच्यापुढे स्थगित दिसलं," तो म्हणाला. "केली बंद."

"अरे, ते फक्त वजनासाठी घातलं होतं. गुरुवार आधीच वापरून झाला होता, म्हणून पुढचा वार घेतला."

"तसं लिहायचं ना मग."

तसं लिहायला काय, दोन वाक्यं पुरली असती: चूक झाली, शुक्रवारी पाणी येईल. पण ती सगळ्यांना कळली असती. मग टेलिफोन वाजला असता, चूक कुणाची म्हणून विचारलं असतं, आणि त्याचं उत्तरही तितकंच सोपं होतं. काका कार्यालयात आले. फडकं टेलिफोनवर परत वाळत पडलं होतं आणि घंटी एकदाही वाजली नव्हती. शहराने नळ सोडून हवा ऐकली होती आणि "म्हणजे ते हे होतं तर" म्हणून कामाला लागलं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर छान ऊन आलं होतं, आणि उन्हात इंजिनिअरसाहेबांची चिठ्ठी पडली होती: "शुक्रवारी पाणी बंद." काकांनी तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग चष्मा पुसून त्यांनी लिहायला घेतलं, "सर्व संबंधित जलग्राहकांस..."

आता तुम्ही हसाल, म्हणाल काय एकेक येडी माणसं. हसा. पण छातीवर हात ठेवून सांगा, वरची ती लांबलचक सूचना तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत? की 'जलग्राहकांस'पर्यंत येऊन, असेल काहीतरी नेहमीचं, म्हणत खाली उतरलात? उतरला असाल तर काही हरकत नाही. तुमची संमती तिच्यातच धरलेली आहे. गुरुवारी रात्री तेवढ्या बादल्या भरून ठेवा.