मेश्राम डॉक्टरांची टॉर्च

मेश्राम डॉक्टर नमस्काराच्या आधी "आ करा" म्हणत. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी खिशातली टॉर्च काढून नवरदेवालाच मांडवात आ करायला लावलं. हा काही विधी असेल असं समजून नवरदेवाचा बापही मागे तोंड उघडून उभा राहिला.

वडशाजवळच्या सरकारी दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. आमच्याकडे तोंडात काहीही झालं की लोक खर्र्याला, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीला, दोष देऊन घरी जात. "सारं खर्र्यावर ढकलून मोकळं होऊ नका, सिस्टर," हे डॉक्टर दिवसातून चारदा ऐकवायचे. रांग आवरता आवरता माझे पाय भरून आलेले असत, त्यात हे. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा कंटाळा यायचा.

शेवंताबाई भाताच्या गिरणीत कामाला होती. खर्रा तिने जन्मात खाल्ला नव्हता. गालाच्या आत गाठ, पण जखम नाही, दुखणं नाही. दाढेचंच दुखणं समजून कुणीतरी तिची चांगली दाढ उपटूनही टाकली होती. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला, औषधाच्या बाटलीत घातला आणि नेहमीसारखा नागपूरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिला. "लोनचं नाई हे. सांभाळून ने."

रिपोर्ट आला, साधी सूज. मला हायसं वाटलं. गाठ मात्र वाढत होती, आणि डॉक्टरांचा जेवणाचा डबा आठवडाभर न उघडताच परत जात होता. शेवटी त्यांनी शेवंताबाईला बोलावून हात जोडले. "चूक माही आहे, बाई. वरवरचा तुकडा घेतला मी. रोग खाली मांसात आहे."

या वेळी खोलवरचा तुकडा गेला. उत्तर आलं, मांसातला कॅन्सर, फार क्वचित दिसणारा. नागपूरला ऑपरेशन झालं.

सहा महिन्यांनी ती आली. गाल आत गेलेला, तोंड वाकडं, पण स्वतःच्या पायांनी आली. डॉक्टरांनी तपासलं. मग तिने त्यांच्या हातातली टॉर्च काढून घेतली.

"आता तुमी आ करा, भाऊ."

"मले काय झालं?"

"तुमचं कोन पाह्यते?"

मी चपापले. क्वार्टरमध्ये एकटाच राहणारा माणूस. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडात कुणी डोकावलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यांनी आ केला. ती बराच वेळ पाहत राहिली.

"मले त काई समजत नाई," ती म्हणाली, "पन चांगलं दिसते."

तिने टॉर्च विझवली तरी डॉक्टरांनी तोंड मिटलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. मी बाहेर जाऊन पुढच्या रोग्याला थोडं थांबायला सांगितलं.