डिकनचे सहा खांदे

शमुवेल डिकन रस्त्यात भेटले की नमस्कार नाही, चमत्कार नाही, आधी तुमच्या खांद्यावर हात. प्रेमाने नव्हे, मोजायला. दुसऱ्या हातात काठी, तिच्यावर चाकूने केलेल्या खुणा. काठी तुमच्या शेजारी उभी करायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "चार फूट चार इंच. चालते."

मी तसा पाच फूट तीन इंच आहे. पण डिकनच्या लेखी माणूस खांद्यापर्यंतच. वरचं डोकं त्यांना बिनकामाचं वाटायचं, आणि वाशीमच्या बाजारात तीस वर्षं भाजी विकल्यावर मलाही तसंच वाटू लागलंय.

डिकन म्हणजे चर्चमधला पाळकांच्या हाताखालचा सेवक. आमच्या मळ्याला लागूनच, अमेरिकेतल्या पाद्र्यांनी कधीकाळी बांधलेलं चर्च आहे. तिथली घंटा, सतरंज्या, झाडलोट सगळं डिकनकडे. पण त्यांचा जीव अडकलेला मयतीत. पेटी कबरस्तानापर्यंत सहा जणांच्या खांद्यावरून जाते. एकदा पुढे उंच मास्तर आणि मागे बुटका शिंपी लागला, पेटी तिरपी झाली आणि आतली म्हातारी सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. डिकननी आठ दिवस तोंडात नीट घास घातला नाही.

मग तालीम सुरू झाली. रविवारची उपासना संपली की सारख्या उंचीचे सहा जण निवडायचे, त्यांच्या खांद्यावर बाक, बाकावर काठोकाठ भरलेला तांब्या, आणि चर्चला फेरी. थेंब सांडला की पुन्हा पहिल्यापासून. "पेटी पाण्यावानी गेली पायजे," हे त्यांचं पालुपद.

पुढे चर्चमधली तरणी पोरं नोकरीला पुण्याकडे गेली. उरले गुडघे धरून बसणारे. तेव्हा डिकन काठी घेऊन शेजारात शिरले. मोटारसायकली दुरुस्त करणारे दोघे बौद्ध भाऊ, कोर्टातला एक शिपाई आणि मी, असे आम्ही भरती झालो. मी पहाटे चारला उठून मेथीच्या जुड्या बांधणारा माणूस. रविवारी जरा पाठ टेकावी, तर बांधावर डिकन उभे.

"अंबादास, येतं ना?"

"डिकन, थकलो हो."

"मेलेला माणूस तुह्यापेक्षा थकलेला राह्यते."

मी निमूट चपला पायात सरकवायचो. बायको, सुमन, वैतागायची. "घरातलं सिलिंडर हालवाले तुमची कंबर दुखते, अन् लोकाच्या पेट्या उचलाले बरी राह्यते."

शेवटच्या दोनेक वर्षांत डिकन भेटले की एकच विचारत. "माह्या वक्ताले साहा होतीन ना रे?"

"होतीन, डिकन."

"सारख्या उंचीचे?"

"आता ते देवालेच सांगा," मी म्हणायचो. मी हसायचो, ते हसत नसत.

यंदा माघात डिकन झोपेतच गेले. त्यांच्या बायबलमध्ये चिठ्ठी निघाली, कोणी कुठे उभं राहायचं त्याची. पाळकांनी ती सगळ्यांसमोर वाचली. पुढे दोघे भाऊ. मधे शिपाई आणि मी. मागे उजवीकडे शिंपी. आणि शेवटी, "मागे डावीकडे, मी."

चाळीस वर्षं प्रत्येक पेटीला मागून डावा खांदा त्यांचाच. सवयीने स्वतःच्या पेटीलाही स्वतःलाच लावून ठेवलं होतं. कोणीतरी फिस्सकन हसलं, मीही हसलो. मग आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. पाचच जण होतो.

पाळक सहा फूट उंच. दोघातिघांना काठीशी उभं करून पाहिलं, कोणाचीच उंची जुळेना. पेटी तशीच बाकावर. तेवढ्यात सुमनने पदर कमरेला खोचला आणि काठीजवळ येऊन उभी राहिली. चार फूट चार इंच.

"बाई खांदा देते का?" मागून कोणीतरी पुटपुटलं.

"भाजीची पाटी रोज डोक्यावर नेतो मी," ती म्हणाली. "चला, उचला."

पेटी अगदी सरळ गेली. कबरस्तानात डिकनसाठी खणलेल्या जागेला चिकटूनच हातभर लांबीची एक जुनी कबर होती. तिच्याजवळ त्यांची थोरली बहीण, धनजहून आलेल्या मार्थाबाई, बसून होत्या. ही कोणाची, मी विचारलं.

"त्याच्या पोराची. सव्वा वर्साचं होतं." तीस वर्षांच्या शेजारात डिकननी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

"तवा चर्च भरेल राहे," मार्थाबाई म्हणाल्या. "पन्नास गडी आले होते. पर पेटीच येवढीशी, तिले खांदे कायले लागतीन? यानं एकट्यानं हातावर आणली. सारे गडी मांगं मांगं, रिकाम्या हातानं. इथं आला अन् मले म्हणे, आक्का, लई जड हाय वं."

मूठभर माती टाकताना मला रडू आवरलं नाही.