भोये मास्तर आणि मधली फळी

फ्रान्समध्ये एका फुटबॉलपटूचा गुडघा दुखावला की आमच्या साखरशेत गावात भोये मास्तर लंगडायचे. थट्टा नाही. मी शेजारी राहतो आणि मोजून बोलतो: एकदा एकवीस दिवस, एकदा तब्बल चार महिने. तिकडे तो मैदानात उतरला की इकडे मास्तरांची चाल सुधारायची.

मास्तर आश्रमशाळेत खेळाचे शिक्षक होते. त्या फ्रेंच गड्याच्या सोळा वर्षांच्या कारकिर्दीची त्यांनी वही ठेवली होती. किती क्लब, किती सामने, किती पिवळी कार्डं. गोल फक्त एकोणीस.

"एवढेच?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, गोल करणाऱ्याला सगळे बघतात. त्याला चेंडू कुणी दिला ते बघा!"

कुणाचंही कौतुक करायचं तर ते "मधल्या फळीतला माणूस" म्हणत. मला हा मान कधी मिळाला नाही. मला ते राखीव गोलकीपर समजत.

त्यांचा एकुलता मुलगा विलास शाळेच्या संघात मधल्या फळीतच खेळायचा. वयानं त्या फ्रेंच गड्याएवढाच. नऊ वर्षांपूर्वी भिवंडीकडे बांधकामावर गेला, तो परत आला नाही. फोन नाही, निरोप नाही. पोलीस ठाण्याच्या सहा खेपा झाल्या. दोन वेळा मी बरोबर होतो. शेवटी गावानं दिवसकार्य करायचं सुचवलं तेव्हा मास्तर उखडले. "त्याच्या वयाचा तो तिकडे अजून पळतोय, आणि माझ्या पोराचे दिवस घालता?"

यंदा तो फ्रेंच गडी निवृत्त झाला. मास्तरांनी वही मिटली आणि दोन दिवस चूल पेटवली नाही.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की चूल बंद राहते आणि शेजारी शिधा आणतात. मास्तरांच्या घरातून धूर निघत नाही हे पाड्यानं पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चौदा घरची माणसं तांदूळ घेऊन दारात उभी. म्हाताऱ्या काशीबाई पुढे झाल्या.

"मास्तर, विलासची खबर आली नं? एकटाच बसलास, सांगायचं नाय?"

खरं कारण मला ठाऊक होतं. चुकीची बेरीज मला सहन होत नाही. "अहो, तो फ्रान्सचा..." मी सुरुवात केली. मास्तरांनी माझा दंड घट्ट धरला.

"खबर नाय आली, काशीबाई," ते म्हणाले. "आता यायचीही नाय."

मग दारातून बाजूला सरकले. "तांदूळ आत ठेवा. बसा सगळी."