कर्ल्यूच्या पोटातली टकटक

"जाडच ठेवलीय, पोरा. हे नवं फायबर किती टिकेल ते अजून कुणालाच ठाऊक नाही, म्हणून थरावर थर चढवत गेलो. तू म्हातारा होशील, ही व्हायची नाही."

चौऱ्याहत्तर साली शिडाची बोट ताब्यात देताना ती बांधणारा कथबर्ट म्हातारा नेव्हिलला बायकोदेखत असं म्हणाला, आणि त्यानं तिच्या कुशीवर बोटांच्या पेरांनी ठोकलं. दोनदा, मग जरा थांबून एकदा. आवाज भरीव आला. कथबर्टला जाऊन आता तीस वर्षं झाली होती, नेव्हिलचा गुडघा निकामी झाला होता आणि ती बोट, 'कर्ल्यू', केटरिंगच्या बोटींच्या यार्डात चार टेकूंवर तशीच गोरीगोमटी उभी होती. तेव्हा तिच्या किमतीत खाडीकाठी लहानसं घर आलं असतं. आता तिचे सहा हजार डॉलर आले तरी खूप, आणि विमा कंपनी म्हणत होती की आधी डोलकाठीच्या तारा बदला, अठरा हजारांच्या.

म्हणून नेव्हिलनं ती विकायला काढली. गिऱ्हाईक होता होबार्टचा एक दंतवैद्य. त्याच्या वतीनं तपासनीस ट्रिफिट आपली छोटी हातोडी घेऊन आला.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की यार्डातल्या बोटींना नुसती पोटंच होती, डोकी नव्हती. वर कुठंतरी दोर डोलकाठ्यांवर आपटत होते. ट्रिफिट कान लावून ठोकत पुढं सरकत होता. टक. टक. टक.

आतून उत्तर आलं. टक-टक. मग जरा थांबून, टक.

ट्रिफिटनं हातोडी खाली घेतली. "आत कोणी आहे का रे?"

"कोण असणार?" नेव्हिलचा आवाज बारीक झाला. "असं ठोकणारा एकच माणूस होता. त्याला आपण दोघांनी मिळून पुरलाय."

"वर चढून बघ की."

"शिडी चढायला गुडघा आहे कुठं मला? तू चढ."

"माझं काम बाहेरून ठोकायचं, बाबा. आत जायचे पैसे वेगळे." हातोडी खिशात घालत तो म्हणाला, "आणि ते मी घेणार नाही."

ट्रिफिट प्रामाणिक माणूस. त्यानं अहवालात लिहिलं : तळ उत्तम, ओल नाही, आतून प्रतिसाद मिळतो. दंतवैद्यानं फोन उचलणंच बंद केलं. पुढच्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. त्यांनी नुसता हात फिरवला, आतून टकटक झाली आणि त्यांची गाडी धुक्यात दिसेनाशी झाली.

नेव्हिलनं घरी यातलं काही सांगितलं नाही. घरी तो तसंही काही सांगत नसे. बायको, ग्लेनिस, त्याच्या पुढ्यात शिंपल्यांचं सारण भरलेली पाई ठेवायची, तो खायचा, बातम्या बघायचा. "बहिणीकडे जाऊन येते," ती म्हणायची. तो मान हलवायचा.

पण ट्रिफिटचं तोंड पबमध्ये सुटलं आणि गोष्ट पाणी ओलांडून मेलबर्नला पोचली. तिथून सास्किया नावाची बाई आली, लाल बुटांची.

"मी हिला पाण्यात घालणारच नाही," ती म्हणाली. "डोंगरावर नेऊन ठेवीन. आत दोन बिछाने. भुताच्या बोटीत झोपायला लोक रात्रीचे चारशे मोजतात. वीस हजार देते. पण आधी वाजवून दाखवा."

ट्रिफिटनं हात लांब करून ठोकलं. आत शांतता. पुन्हा ठोकलं. पाण्यावर एक पक्षी ओरडला, तेवढंच.

"लाजतंय," सास्किया म्हणाली. "हरकत नाही, सवय होईल त्याला. सौदा पक्का?"

तिनं हात पुढं केला. नेव्हिलनंही केला. त्याबरोबर कर्ल्यूच्या पोटात असा धडाका उठला की टेकू थरथरले. जणू आत कोणी तवा घेऊन चारी भिंतींवर तुटून पडलं होतं.

"तीस हजार," सास्किया हरखून म्हणाली.

धडाका थांबला. वरची झडप हळूहळू सरकली आणि धुक्यातून एक पांढरं डोकं वर आलं. ट्रिफिट होता तिथंच चिखलात बसला.

डोक्याखाली नेव्हिलचाच जुना स्वेटर होता. हातात तवा.

"ग्लेनिस?" नेव्हिल म्हणाला. "अगं, तू तर बहिणीकडे..."

"माझी बहीण मार्चपासून पर्थला असते. दोनदा सांगितलंय तुला."

"पण पन्नास वर्षं तू हिच्या नावानं बोटं मोडतेस. ओली अंथरुणं, डब्यातले वाटाणे, ओकाऱ्या. तुझी एकदाची सुटका व्हावी म्हणून तर विकतोय मी."

ग्लेनिसनं तवा कठड्यावर ठेवला. सास्कियाचा हात अजून तसाच पुढं होता. वरचे दोर आपटायचे थांबले होते.

"घरी तू बोलत नाहीस, नेव्हिल," ती म्हणाली. "हिच्यात बसलास की माझ्याशी बोलतोस."