सुभेदार नाना आणि डावा कान

श्रीगोंद्यात कुणाच्याही ओट्यावर टेकलं की चहा येतो. माझे शेजारी सुभेदार नाना मात्र पाहुण्यापुढे आधी कानात घालायचे फोमचे बोळे ठेवतात. लष्करात नेमबाजी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. "आधी कान, मग निशाण," हे त्यांचं पालुपद.

मागे एका पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नात हवेत बार काढायचे होते. नाना बंदूकवाल्याला थांबवून थेट नवरदेवाचे कान धरायला गेले. कापसानं आवाज अडत नाही, हे बोळे चेपून आत सारायचे, असं भर मांडवात समजावू लागले. मांडव हसला. बहिरा कानाचं शिकवतोय म्हणून. ऐकू न येणाऱ्याच्या तोंडावर हसण्याची चांगली सोय असते. मला त्या लोकांची चीड आली, जेवलो मात्र पोटभर.

हसणाऱ्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक होती. पूर्वी कान झाकणारा शिपाई नानांना बायकी वाटायचा. त्यांचा दिलीप भरतीची तयारी करत होता, तेव्हा त्यांनी त्याला मळ्यात स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीवर शिकवलं. पोरगा कानात कापूस घालून आला. नानांनी तो उपटून फेकला. सुभेदाराचा पोरगा ना तू, म्हणाले. सुट्टीभर बार उडत राहिले आणि भरतीच्या तपासणीत दिलीपचा डावा कान गेलेला निघाला. आता तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसतो.

बंदूक उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीकडे राहतो. त्यामुळे नानांचाही डावाच पार गेलाय, उजव्यानंही कमीच ऐकू येतं. दिवाळीला दिलीप येतो, तेव्हा नाना न चुकता त्याच्या उजवीकडे बसतात. पोराला ऐकू यावं म्हणून. पण मग त्यांचा स्वतःचा बहिरा कान पोराकडे येतो. समोरासमोर बसले तर भागेल, पण तेवढी छाती दोघांचीही नाही.

यंदा मी तिथंच होतो. नाना रस्त्याकडे बघत म्हणाले, "दिल्या, त्या कापसाचं माझं चुकलं."

दिलीप उठला. मग हळू आवाजात काही बोलला आणि चपला घालून निघून गेला. नानांनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हनला त्यो?"

खोटं सांगावं असं फार वाटलं, पण ऐनवेळी सुचलं नाही. नानांना हळू सांगूनही भागत नाही. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून, सगळी गल्ली ऐकेल असं ओरडलो, "म्हणाला, हे ऐकायला एक कान तरी ठिवला तुमी."



"म्हंजी त्याला ऐकू आलं," नाना म्हणाले.