हाक दिल्यावरचा अर्धा तास

सोपान मुकादम कुणालाही हाक मारली की अर्धा तास जागेवरून हलत नसत.

मी भोसरीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला गेलो, त्याच दिवशी हे पाहिले. सकाळी आठला त्यांनी अंगणातून बायकोला हाक दिली, "अगं ए, च्या टाक!" पार्वतीवहिनी तेव्हा पिठाच्या गिरणीवर होत्या. मुकादम लिंबाखाली कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी दाढी केली, आंघोळ केली, कपडे वाळत घातले, ते उभेच. शेवटी वहिनी डोक्यावर डबा घेऊन आल्या, नवऱ्याकडे न बघता आत गेल्या आणि त्यांनी स्टो पेटवला.

"गिरणीवर जाऊन सांगायचं ना," मी म्हणालो.

"आन् ती दुसऱ्या वाटनं आली आसती म्हंजी? हाक दिली की जागा सोडायची न्हाई, पेपरवाले. आता ऐकायचं."

'आता ऐकायचं' हे त्यांचे पालुपद होते. मी पुण्यातल्या एका दैनिकाचा वार्ताहर. सकाळी एका कारखान्याच्या गेटवरची सभा, दुपारी दुसऱ्या गेटवरचा अपघात, संध्याकाळी बातमीचे पाकीट सातच्या बसच्या कंडक्टरच्या हातात. एका जागी दहा मिनिटे बसलो तर माझे पाय आपोआप हलू लागत. त्यामुळे या माणसाचा मला आधी वैताग आला आणि मग कुतूहल वाटू लागले.

एका मोठ्या कारखान्यात ते अवजड यंत्रे उचलणाऱ्या टोळीचे मुकादम होते. क्रेनवाल्याला खालून हाक देणे हे त्यांचे मुख्य काम, आणि त्यासाठी लागणारा आवाज त्यांच्याकडे होता. पण क्रेनवाला वर नसला तरी ते हुकाखाली थांबून राहत. फोरमन म्हणे, "मुकादम, तुमचंबी फाउंडेशन भरून घेऊ का? चार बोल्ट मारतो, राव." टोळी हसे. मुकादम एक बोट वर करत. ते ऐकत असत.

हा नियम त्यांनी वालतर साहेबांकडून घेतला होता. मी येण्याच्या दहाएक वर्षे आधी कारखान्यात एक प्रचंड प्रेस बसवायला कॅनडाहून हे तज्ज्ञ आले होते. सप्टेंबरपर्यंत साहेब माणसात होते. पाऊस ओसरला, सकाळी गारवा आला आणि त्यांचे कामातले लक्ष उडाले. त्यांच्या देशात हे मूसच्या शिकारीचे दिवस. मूस म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलातले हरण. उंची घोड्यापेक्षा जास्त, शिंगे सुपासारखी पसरट. या दिवसांत नर मादीच्या शोधात असतो. शिकारी सालीच्या भोंग्यातून मादीचा आवाज काढतो आणि नर मैलभर लांबून येतो. साहेबांनी टोळीसमोर तो आवाज काढून दाखवला. टोळी पोट धरून हसली. सोपान मुकादमांनी तो जसाच्या तसा परत काढला. साहेबांनी हातातला पाना खाली ठेवला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघे दिघीच्या टेकडीवर जाऊ लागले. पत्र्याचा भोंगा साहेबांना पसंत पडला नाही. यंत्राच्या खोक्यातल्या डांबरी पुठ्ठ्याचा पडला. झुडपावर शिंगे घासल्याचा आवाज काढायला बैलाच्या खांद्याचे, फऱ्याचे हाड मिळाले. मादी पाण्यात उभी आहे असे भासवायला उंचावरून पाणी ओतावे लागते, म्हणून मुकादम टमरेल घेत. टमरेल घेऊन टेकडी चढणाऱ्या माणसाला भोसरीत कुणी काही विचारत नसे. फक्त सोबत साहेब का, एवढेच लोकांना कळत नव्हते.

बंदूक नव्हती, परवाना नव्हता आणि मूस तर नव्हताच. तरी उत्तर आले. चौथ्या दिवशी दिघीतल्या एका शेतकऱ्याचा रेडा दावे तोडून, काटे तुडवत थेट दोघांच्या समोर येऊन उभा राहिला. साहेबांनी घड्याळ पाहून वहीत लिहिले : पस्तीस मिनिटे. मागून धापा टाकत आलेल्या मालकाशी त्यांनी हस्तांदोलन केले. मालकाने विचारले, "म्हस कुणाची अडलीया?"

पुढच्या आठवड्यात शेजारच्या लष्करी हद्दीतून एक जवान आला.

"कौन रो रहा है इधर?"

"रोता न्हाई साहेब, जनावर बुलाता हय," मुकादम म्हणाले.

"कौन सा जानवर?"

"इधर व्हत न्हाई."

साहेब डिसेंबरात गेले. जाताना त्यांनी भोंग्याला नवी दोरी बांधून दिली आणि मुख्य गोष्ट पुन्हा एकदा बजावली. मूस लगेच येत नाही. कधी अर्ध्या तासाने येतो, कधी दुसऱ्या दिवशी. पण जिथून हाक आली त्याच जागी येतो. नवशिके कंटाळून उठतात, आणि मग तो रिकाम्या जागी येऊन जातो.

तेव्हापासून अश्विन लागला की मुकादम रोज संध्याकाळी एकटेच टेकडीवर. त्या महिन्यात त्यांनी दुसरी शिफ्ट कधी घेतली नाही, ओव्हरटाइम घेतला नाही. याच कारणावरून सुपरवायझरची जागा दोनदा दुसऱ्याला गेली. मला हे हलक्याफुलक्या मजकुराला चांगले वाटले. शीर्षकही सुचले होते. एक दिवस वही घेऊन मी पार्वतीवहिनींसमोर बसलो.

त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लिवा की. पर समदं लिवा."

साहेब येण्याच्या आधी, जमीन कारखान्यांना गेली त्या साली मुकादमांनी बैलजोडी चाकणच्या बाजारात विकली. बैल त्यांच्या धाकट्या भावाने, किसनने वासरे असल्यापासून वाढवले होते. त्याला न विचारता विकली. किसन दुसऱ्या दिवशी भाकरीवरून उठून गेला. दुपारी मुकादमांनी टेकडीवर चढून चारही दिशांना त्याच्या नावाने हाका मारल्या. कंपनीत लागून दोनच आठवडे झाले होते. दुसऱ्या शिफ्टचा भोंगा वाजला आणि ते पळत खाली उतरले. चार दिवसांनी म्हादू धनगर सांगत आला : किसन त्याच दिवशी टेकडीवर आला होता. दगडावर बसला, विडी ओढली, "दादा कुठाय?" म्हणून विचारले आणि मावळतीकडे निघून गेला. त्यानंतर पत्ता नाही.

"मग आता नाव घेऊन का हाक मारत नाहीत?" मी विचारले.

"मी इचारलं व्हतं. म्हनले, नाव घेतलं तर सारी भोसरी ऐकंल, हासंल. भोंग्यानं काय, जनावर बलावतोय म्हनत्यात. आन् म्हनले, आवाज तर माझाच हाय ना, त्याला वळखंल."

मी वही मिटली.

मी पाहिलेल्या चौथ्या अश्विनात मुकादमांचे अंतर्गळाचे ऑपरेशन ठरले. रात्रीच्या आत पुण्याच्या इस्पितळात दाखल व्हायचे होते. सहा वाजता कारखान्याची जीप टेकडीच्या पायथ्याशी उभी होती, वहिनी बोचके मांडीवर घेऊन आत बसल्या होत्या, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मुकादम एका हाताने पोट दाबत वर चढले आणि मला हाताला धरून सोबत नेले.

"अहो, उद्या ऑपरेशन आहे. आजच्या दिवस हाक नाही दिली तर काय बिघडतं?"

"काल आयकली आसंल आन् आज येत आसंल तर?"

त्यांनी भोंगा लावला. त्या लांबलचक आवाजाने खालच्या कारखान्यांची घरघर क्षणभर मला ऐकूच आली नाही. आवाज विरला. त्यांनी टमरेल उपडे केले नाही, झुडपावर हाड घासले नाही. मग माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला एका सपाट दगडावर बसवले.

"मला जाया लागतंय, पेपरवाले. पुन्हा तेच हुतंय. तुमी बसा. अर्धा तास."

"सातची बस आहे माझी. बातमी—"

"अर्धाच तास." आणि ते उतरले. जीप धूळ उडवत गेली.

पहिली दहा मिनिटे माझे पाय हलत होते. शेजारच्या दगडावर, वर खडा ठेवून, विड्यांचे कोरे बंडल आणि काडेपेटी होती. मुकादम विडी ओढत नसत. उजेड कमी झाला. मी घड्याळ पाहिले, बातमीचे पाकीट या खिशातून त्या खिशात ठेवले. अर्धा तास होऊन गेला. मी उठलो नाही.

मागून पावले वाजली तेव्हा मी इतक्या झटकन वळलो की म्हादू धनगर दचकला. त्याच्या शेळ्या थांबल्या.

"मुकादम गेलं व्हय?"

"गेले."

"आन् तुमास्नी बसवलं?" तो जवळ टेकला. "जावा तुमी, राव. बस जाईल तुमची. मी हाय हितं."

"जाऊ दे बस."

आम्ही दोघे बसलो. खाली सातची बस दिवे लावून निघून गेली. म्हादूने तलफ आल्यासारखे खिसे चाचपले. मी शेजारच्या बंडलाकडे बोट केले.

त्याने बघितले आणि मान हलवली. "त्या आपल्या न्हाईत," तो म्हणाला, आणि मुंडाशात तंबाखू शोधू लागला.